सरासरीत न सापडणारा खेळाडू

१९६१-६२ च्या हंगामात अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण मिळवले. बिल रसेलने १८.९. दोघेही ‘सेंटर’, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू. तरीही खेळाडूंच्या मतदानात सर्वोत्तम ठरला रसेल, आणि विजेतेपदही त्याच्याच बोस्टन संघाला मिळाले. मग सरासरी खोटी होती का?

आम्हाला ती खोटी नव्हे, अपुरी वाटते. सामना ४८ मिनिटांचा, पण जादा वेळ धरून चेंबरलेन सरासरी ४८.५ मिनिटे खेळला! तेव्हा बास्केटकडे चेंडूही आजच्यापेक्षा जास्त वेळा फेकला जाई. म्हणून गुणांना मिनिटांनी आणि संधींनी भागायला हवे. पण अशा भागाकारातूनही रसेल हाती लागत नाही. प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू हवेतच अडवणे हे त्याचे मोठे काम. त्याची अधिकृत नोंद सुरू झाली १९७३-७४ मध्ये. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झालेला.

आता खेळाडू मैदानात असताना आणि नसताना संघाच्या गुणांत पडणारा फरक मोजतात. युक्ती चांगली आहे. पण त्या संपूर्ण हंगामात चेंबरलेन बाहेर बसला तो जेमतेम आठ-नऊ मिनिटे. तुलना करायची कशाशी?