बाबांचा आवाज कुठे आहे?

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. त्यातली एक होती गणेशोत्सवातल्या अभंगांची. गाणारे काका आता नाहीत. त्यांच्या मुलीला फाइल पाठवली आणि तासाभरात तिचा फोन आला, “दादा, तबला ऐकू येतोय, पेटी ऐकू येतेय, टाळ्यासुद्धा आहेत. पण बाबांचा आवाज कुठे आहे?”

मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. आवाज होता! जरा विचित्र, समोरून न येता डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण होता. ती मात्र स्वयंपाकघरातल्या एका छोट्या स्पीकरवर ऐकत होती. “टेप झिजली असेल गं,” असं मी म्हणून टाकलं. ते साफ चूक होतं. दोष टेपचा नव्हता, माझा होता. डेकपासून ऑडिओ इंटरफेसपर्यंतची केबल मी घरीच सोल्डर केली होती आणि उजव्या बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या होत्या.

मंडळी, लेझीम आठवा. दोन रांगा समोरासमोर नाचताहेत. एक रांग अर्धा ठोका उशिरा पाऊल टाकते, तो झाला फेजचा, म्हणजे वेळेचा फरक. दुसऱ्या वेळी ठोका अचूक आहे, पण एक रांग पुढे जाते तेव्हा दुसरी मागे जाते. ही झाली उलटी पोलॅरिटी. इथे उशीर नाही, फक्त दिशा उलट. काकांचा आवाज दोन्ही ट्रॅकवर सारखा होता. त्यातला एक उलटला. एकाच स्पीकरमध्ये दोन्हींची बेरीज झाली, अधिक पाच आणि उणे पाच, उत्तर शून्य. तबला एका बाजूला जास्त, पेटी दुसऱ्या बाजूला, म्हणून ती उरली. मिक्सरवर तिरकी रेघ मारलेल्या शून्याचं जे बटण असतं, त्याला सगळे ‘फेज’चं बटण म्हणतात. खरं तर ते पोलॅरिटी उलटवतं. नावाच्या या घोळामुळेच अनेकांना वाटतं की ते दाबलं की सगळं जुळेल. वेळेचा फरक त्यानं मिटत नाही.

गंमत म्हणजे, ही कॅसेट फिलिप्सनं १९६३ साली इथे बर्लिनच्याच रेडिओ प्रदर्शनात जगापुढे आणली. पुढे स्टिरिओ आला तेव्हा डावा आणि उजवा ट्रॅक मुद्दाम शेजारी-शेजारी ठेवले, म्हणजे साध्या मोनो प्लेअरचं हेड दोन्ही एकदम वाचू शकेल. दोन ट्रॅक एकमेकांशी भांडणार नाहीत, हा त्यामागचा विश्वास. तेच हेड किंचित तिरकं बसलं तर एक ट्रॅक दुसऱ्याच्या जरासा मागे पडतो आणि मोनोमध्ये टाळांची चमक आणि ‘स’, ‘श’ची धार निघून जाते. हा फेजचा दोष. त्यावर बटण नाही, स्क्रू-ड्रायव्हरनं हेड सरळ करावं लागतं.

आता थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज ऐकून आपण टीका करतो ती बहुतेकदा चुकीच्या माणसावर. “ढोलकीला दम नव्हता,” असं सहज म्हणतो. पण ढोलकीच्या दोन्ही तोंडांशी एकेक माइक ठेवला की एका तोंडावर थाप पडताना ते आत दबतं आणि आतली हवा दुसरं तोंड बाहेर ढकलते. एक माइक ‘उणे’ सांगतो, दुसरा ‘अधिक’. बेरजेत खर्जच वजा होतो. इथे मात्र ते बटण दाबून पाहायलाच हवं.

“गाणाऱ्या ताईंचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटला,” ही दुसरी तक्रार. त्यांचा आवाज पेटीच्या माइकमध्येही शिरलेला असतो, जरा उशिरा. अंतरात ३४ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक हजारांश सेकंद. तेवढ्यानं ५०० हर्ट्‌झचा सूर दबतो, मग १५००, मग २५००. उपाय फुकटचा आहे. गाणाऱ्याचा माइक तोंडापासून एक वीत असेल, तर दुसरा माइक त्यापासून निदान तीन विती लांब ठेवावा. चार माइक कमी पडतात म्हणून आम्ही आठ लावतो, आणि आठ माइकांचे आठ उशीर गोळा करतो.

१ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली गीतरामायणाची ५६ गीतं लोकांनी एका स्पीकरच्या रेडिओवर ऐकली. गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या चाली पोचायला स्टिरिओ लागला नाही. याचा अर्थ जुनं तेवढंच सोनं असा नाही. फेज काही शत्रूही नाही. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारांत अर्ध्या हर्ट्‌झचा फरक राहिला तर दर दोन सेकंदांनी नाद फुलतो आणि ओसरतो, तोही फेजचाच खेळ. माझी तक्रार एवढीच की तंबोरा लावणारा कान देऊन ऐकतो, आणि आम्ही रेकॉर्डिंग करणारे फक्त स्क्रीनवर नाचणाऱ्या हिरव्या पट्ट्या बघतो.

इथल्या रेडिओवाल्यांकडे त्यासाठी कोरेलेशन मीटर असतो. काटा अधिक एककडे असेल तर ठीक, बराच वेळ उणे एककडे राहिला तर कुठेतरी तार उलटली आहे. रेकॉर्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो मिळतो. तेही नको असेल तर फाइल पाठवण्याआधी एकदा मोनोमध्ये ऐका. आपल्या आया आणि आज्या तिकडे पुण्या-नाशकात फोनच्या एवढ्याशा स्पीकरवरच ऐकणार आहेत.

काकांची फाइल दुरुस्त करायला एक क्लिक पुरली. उजवा ट्रॅक उलटवला, पुन्हा पाठवली, आणि केबलची चूकही कबूल केली. या वेळी तिनं फोन केला नाही, दुसऱ्या दिवशी निरोप आला की आईनं ती चार वेळा लावली.

तुमच्या केलरमध्ये अशा कॅसेट्स पडून असतील तर मला जरूर द्या. केबल आता नीट जोडली आहे. आणि कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या तरी मूळ कॅसेट्स कृपया टाकून देऊ नका. माझ्यासारख्याची चूक सापडेपर्यंत खरा आवाज तेवढ्या एका जागीच असतो.