जपानी बंदुकांवरील खरडलेलें फूल

हस्तलिखितांचे संग्राहक आणि जुन्या शस्त्रांचे संग्राहक यांची कुळी एकच. एकास सनदेवरील शिक्का शाबूत हवा असतो, दुसऱ्यास बंदुकीवरील छाप. मोहहि दोघांपुढें एकच उभा असतो. जें दुर्मिळ तें मौल्यवान, आणि जें मौल्यवान तें कसेंहि करून निर्दोष दिसलें पाहिजे, अशी ही समजूत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकादि देशांत पोंचलेल्या जपानी अरिसाका रायफलींच्या संग्रहांत या समजुतीनें पुराव्याची हानि कशी होते, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम कालगणना पाहूं. शालिवाहन, शुहूर व राज्याभिषेक या शकांचा मेळ घालतांना ज्यांनीं एकदां तरी ठेंच खाल्ली आहे, त्यांस येथील घोटाळा परका वाटणार नाहीं. जपानी बंदुकीच्या नांवांतील अंक हा वर्षाचा अंक असतो. पण तो कोणत्या शकाचा हें आधीं ठरवावें लागतें. ३० व ३८ या नमुन्यांचे अंक मेइजी बादशहाच्या कारकीर्दीचे, म्हणून त्यांचे इसवी सन १८९७ व १९०५. यांपैकीं पहिला नमुना कर्नल अरिसाका नारिआकिरा यांच्या नांवें ओळखला जातो. त्यांत नांबू किजिरो यांनीं सुधारणा करून दुसरा सिद्ध केला. पुढील ९९ व्या नमुन्याचा अंक मात्र जपानी राज्यस्थापनेच्या पौराणिक शकाचा आहे. तें वर्ष २५९९, म्हणजे इ. स. १९३९. यामुळेंच छत्रीधारी सैनिकांसाठीं केलेला, दोन तुकडे करून वाहून नेतां येणारा ‘२ रा’ नमुना ९९ व्याच्या आधींचा नसून नंतरचा, म्हणजे २६०२ चा (इ. स. १९४२) ठरतो. सयामकरितां टोकियोच्या सरकारी कारखान्यांत घडविलेल्या ४६ व्या नमुन्याचा अंक तर बौद्ध शकाचा, २४४६ चा (इ. स. १९०३) आहे, व त्यावर जपानी फूल नसून सयामच्या राजवंशाचें चक्र आहे. केवळ अंक पाहून पूर्वापर ठरविणारा येथें हटकून फसतो.

दुसरा प्रश्न क्रमांकाचा. १९३३ च्या सुमारास जपानी कारखान्यांनीं बंदुकांची गणना मालिकांनीं करण्यास आरंभ केला. प्रत्येक मालिकेंत ९९,९९९ पर्यंत अंक, व अंकाआधीं वर्तुळांत एक जपानी अक्षर, अशी ही पद्धति होय. जपानी अक्षरांचे क्रम दोन आहेत. त्यांतील अ-का-सा-ता-ना हा आपल्या वर्णमालेच्या परंपरेवरून घडला. बंदुकांवर मात्र तो नसून, प्रत्येक अक्षर एकदांच येणाऱ्या एका जुन्या कवितेचा ‘इ-रो-हा’ हा क्रम आहे. पहिल्या क्रमांत ‘रो’ जवळजवळ शेवटीं येतो, दुसऱ्यांत तो दुसराच आहे. अक्षर वगळून नुसता अंक नोंदविणें म्हणजे शक सोडून केवळ तिथि उतरून घेणें होय. कारण तोच अंक प्रत्येक मालिकेंत पुन्हा येतो. तरीहि ‘लहान अंक, म्हणून आरंभींची बंदूक’ असें सांगून चढी किंमत घेणारे विक्रेते व ती देणारे ग्राहक दोन्ही आढळतात.

आतां मुख्य मुद्दा. या बंदुकांच्या रिसीव्हरवर सोळा पाकळ्यांचें शेवंतीचें फूल कोरलेलें असतें. तें बादशहाच्या स्वामित्वाचें चिन्ह. १९४५ च्या शरणागतीनंतर परकीयांच्या हातीं गेलेल्या असंख्य बंदुकांवरील हें फूल कानशीनें वा यंत्रानें खरडलेलें दिसतें. ही आज्ञा विजेत्यांची कीं जपानी सेनेची, याविषयीं दोन मतें प्रचलित आहेत. रणांगणावर हस्तगत झालेल्या बंदुकांवरील फूल मात्र बहुधा शाबूत राहिलें. बाजारांत शाबूत फुलाची किंमत अधिक, म्हणून खरडलेल्या जागीं नवें फूल कोरण्याचा उद्योग सुरू झाला. हें नवें फूल म्हणजे उघड क्षेपक होय. खरडलेली जागा हा बंदुकीचा दोष नव्हे. तो एका साम्राज्याच्या अंतसमयीं तिच्यावर मारलेला शेरा आहे, व तिच्या प्रवासाचा मार्ग सांगणारा बहुधा तोच एक साक्षी असतो. नवें फूल कोरणारा जुनी मुद्रा परत आणीत नाहीं. तो शेरा मात्र पुसून टाकतो.

फूल नसणें व फूल खरडलेलें असणें यांतहि विवेक हवा. जपानी नौदलासाठीं इटलींत कारकानो पद्धतीवर तयार झालेल्या ‘आय’ नमुन्यावर फूल कधींच नव्हतें. विद्यार्थ्यांच्या कवाइतीसाठीं केलेल्या बंदुकांवरहि तें बहुधा नसतें. यांपैकीं पुष्कळांची नळी आंतून गुळगुळीत, धातु कमकुवत, व योजना गोळीवांचूनच्या काडतुसांची. अशा बंदुकीस ‘दुर्मिळ प्रकार’ समजून तींत खरें काडतूस घातल्यास ती हातांत फुटण्याचा धोका असतो. येथें पाठनिर्णयाची चूक केवळ कागदावर राहत नाहीं.

युद्धाच्या अखेरीच्या बंदुकांचाहि विचार असाच करावा. ९९ व्या नमुन्यास आरंभीं नळीखालीं तारेचा टेंकू, बोल्टवर धूळ अडविणारें झांकण, विमानावर नेम धरण्यासाठीं माशीस जोडलेल्या पट्ट्या व नळीच्या आंत क्रोमचा मुलामा होता. पुढें हीं अंगें एकेक गळत गेलीं. अखेर दस्त्याच्या टोंकास पोलादाऐवजीं लांकूड व माशी एकाच जागीं कायम केलेली, इतकेंच उरलें. मालिका व अंक ठाऊक असल्यास पोलादाची व वेळेची टंचाई या क्रमांत वाचतां येते. परंतु ‘पूर्ण’ नमुन्याच्या हौसेनें उत्तरकालीन बंदुकीस पूर्वकालीन झांकण व टेंकू जोडले जातात. बोल्टवरील अंक घासून त्या जागीं बंदुकीच्या अंकांशीं जुळणारे नवे अंक ठोकले जातात. दोन अपूर्ण प्रतींचीं पानें शिवून एक पूर्ण पोथी करणाऱ्यानें दोन्ही प्रती गमावलेल्या असतात, तसाच हा प्रकार आहे.

संग्राहकांच्या बाजूनें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. मालिकांचें आजचें ज्ञान पुष्कळ अंशीं त्यांनींच आपापल्या बंदुकांवरील अंक व छापा परस्परांस कळवून जमविलेलें आहे. हें कार्य सामान्य नव्हे. पण म्हणूनच जुळविलेला प्रत्येक खोटा अंक त्यांच्याच यादींत शिरून तिला नासवितो, हें त्यांनीं ओळखावें.

यासाठीं नियम नवे नकोत. पोथ्यांचे आहेत तेच पुरे. वस्तु मिळाली तशी राखावी. जोडलेला भाग वेगळा नोंदवावा. अक्षर, अंक, कारखान्याची खूण व फुलाची स्थिति यांची नोंद खरेदीच्या दिवशींच, साफसफाईपूर्वीं, करावी. आणि खरडलेलें फूल असेल तर ‘खरडलेलें’ असेंच लिहावें.