‘चूक माझीच’ म्हणजे नक्की कोणाची?

आमच्या टीममध्ये नेब्रास्काचा एक माणूस आहे. सोमवारच्या कॉलवर तो कॅमेरा बंद ठेवून बसला, की शनिवारी त्याचा संघ हरला हे न विचारता कळतं. २०२१ च्या पावसाळा-हिवाळ्यात मी त्याचा चेहरा फारसा पाहिला नाही. एकदा मी सहज विचारलं, "एवढं काय मनाला लावून घेतोस?" तो म्हणाला, हरण्याचं दुःख नाही, हरल्यावर कोच काय बोलतो ते ऐकवत नाही. तेव्हापासून मी सामने कमी आणि सामन्यानंतरच्या पत्रकार परिषदा जास्त पाहायला लागलो. हा लेख त्याबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे आपला मेस्सीवाला नाही, हेल्मेट आणि पॅड घालून खेळतात तो. आणि ‘कॉलेज’ या शब्दावर जाऊ नका. नेब्रास्कात एकही एनएफएल संघ नाही, त्यामुळे लिंकन शहरातला विद्यापीठाचा संघ हाच अख्ख्या राज्याचा संघ. मेमोरियल स्टेडियममधली तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला संपतात. पाच राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटचं १९९७ चं. त्या १९९७ च्या संघाचा क्वार्टरबॅक होता स्कॉट फ्रॉस्ट, नेब्रास्कातल्याच वुड रिव्हर या छोट्या गावचा. पुढे तो कोच झाला, २०१७ मध्ये यूसीएफ या फ्लोरिडातल्या विद्यापीठाला एकही सामना न हरता हंगाम काढून दिला, आणि लगेच नेब्रास्काने त्याला घरी आणलं. वर्षाला ५० लाख डॉलर, सात वर्षांचा करार. घरचा मुलगा परत आला म्हणून सगळं राज्य खूश.

पुढचा हिशेब असा: १६ विजय, ३१ पराभव. पण खरा आकडा हा नाही. एका ‘स्कोअर’च्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने निकाल लागलेले सामने धरले, तर फ्रॉस्ट ५ जिंकला आणि २२ हरला. मी इंजिनिअर असल्यामुळे राहवलं नाही, काढून पाहिलं. असे अटीतटीचे सामने म्हणजे नाणेफेक मानली, तर २७ पैकी ५ किंवा त्याहून कमी जिंकण्याची शक्यता हजारात एकापेक्षाही कमी येते. २०२१ चा हंगाम तर अजबच. तीन विजय, नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाने. हंगामात केलेले एकूण गुण प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जास्त, तरी ३-९.

म्हणजे हे नशीब नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये एखादा बग एकदा आला तर आपण ‘नेटवर्क असेल’ म्हणून सोडतो. बावीस वेळा आला तर तो नेटवर्कचा नसतो.

आता सामन्यानंतरची भाषा पाहू. मराठीत आपल्याकडे याची एक छान सोय आहे. ‘कप फोडला’ आणि ‘कप फुटला’. लहानपणी आपण सगळेच दुसऱ्या वाक्यावर जगलो. मधे एक तिसरं वाक्य असतं, ‘माझ्या हातून फुटला’, म्हणजे हात माझा, पण काम कपाचं. हरलेला कोच इंग्रजीत बोलतो, पण साधारण याच तीन वाक्यांच्या मधे फिरत असतो. ‘जबाबदारी माझी’ हे तो म्हणतोच, ते म्हणणं आता हेल्मेटसारखंच गणवेशाचा भाग झालंय. लक्ष द्यायचं ते त्याच्या पुढच्या वाक्याकडे.

२७ ऑगस्ट २०२२, डब्लिन. हंगामाचा पहिला सामना आयर्लंडमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. (त्या दिवशी स्टेडियममधली पेमेंट यंत्रणा बंद पडली आणि कॅशलेस स्टेडियममध्ये बिअर फुकट वाटावी लागली. प्रॉडक्शन डाउन झाल्यावर यूजर खूश झाल्याचं माझ्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.) तिसऱ्या क्वार्टरमध्ये नेब्रास्का २८-१७ ने पुढे. गुण केल्यावर चेंडू लांब लाथाडून समोरच्याला द्यायचा असतो. त्याऐवजी फ्रॉस्टने ‘ऑनसाइड किक’ मारायला लावली, म्हणजे मुद्दाम आखूड किक मारून चेंडू आपणच परत पकडायचा प्रयत्न. सहसा हे मागे पडलेला, वेळ संपत आलेला संघ करतो. अकरा गुणांनी पुढे असलेला नाही. चेंडू नॉर्थवेस्टर्नला मिळाला, तोही मैदानाच्या मध्याजवळ. नेब्रास्काचा त्यानंतर एकही गुण झाला नाही. निकाल ३१-२८.

सामन्यानंतर फ्रॉस्ट म्हणाला, तो निर्णय माझा होता, परत संधी मिळाली तर तसं करणार नाही. हे चांगलं होतं, अगदी ‘कप मी फोडला’ या जातीचं. पण त्याच बैठकीत पुढे त्याने सांगितलं, की आमच्या ऑफेन्सच्या स्टाफला शिकावं लागेल, या लीगमध्ये आणखी कल्पकता लागते. आता हा स्टाफ कोणाचा? ऑफेन्सचा नवा प्रमुख मार्क व्हिपल, फ्रॉस्टनेच काही महिन्यांपूर्वी आणलेला, आणि डब्लिन हा त्याचा पहिलाच सामना. पहिल्या वाक्यात एका किकची कबुली आणि दुसऱ्यात उरलेल्या सामन्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर. माझा सहकारी चिडला तो या दुसऱ्या वाक्यावर.

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, हंगाम संपायच्या आत, फ्रॉस्टने ऑफेन्सच्या चार सहायक प्रशिक्षकांना काढलं. त्याच वेळी त्याचा स्वतःचा पगार ५० लाखांवरून ४० लाखांवर आला आणि नोकरी राहिली. गंमत अशी की बरेच सामने हातून गेले ते किकिंगच्या खेळात. मिशिगन स्टेटविरुद्ध तर शेवटच्या मिनिटांत पंट ठरल्याच्या उलट बाजूला गेली, प्रतिस्पर्ध्याने ती थेट परतवून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना गेला. फक्त या विभागासाठी म्हणून स्वतंत्र प्रशिक्षक मात्र आला २०२२ साठी, म्हणजे पाचव्या हंगामाला. चार वर्षं लॉगमध्ये एकच एरर दिसत असताना भलतंच मॉड्यूल बदलत बसल्यासारखं हे आहे.

खेळाडूंचं काय? क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ २०२१ च्या हंगामात तुटलेल्या जबड्याने खेळत होता, हे आपल्याला नंतर कळलं. २०२१ च्या जुलैपर्यंत या मुलांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येत नव्हते. आणि कोचला काढायचं तर विद्यापीठाने त्याला पैसे द्यायचे. २०२३ मध्ये टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरला घरी बसवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त कबूल केले. ‘जबाबदारी माझी’ या वाक्याची किंमत कोण चुकवतो, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.

मात्र चाहत्यांना मी सरसकट निर्दोष धरत नाही. याच नेब्रास्काने २००३ मध्ये फ्रँक सोलिचला ९-३ अशा हंगामानंतर काढलं. बो पेलिनीने सात वर्षं दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले, २०१४ मध्ये तोही गेला. नऊ विजय कमी वाटणाऱ्या लोकांनीच घरच्या मुलाला पाच वर्षं सांभाळून घेतलं, कारण तो घरचा होता. पराभवानंतर त्यांना हवी असते ती बरेचदा कारणमीमांसा नसते. कोचने मान खाली घालावी, थोडं लाजावं, एवढंच हवं असतं. आणि तसं कोणी केलं की पुढच्या शनिवारी स्टेडियम पुन्हा भरतं.

आमच्या धंद्यात पोस्टमॉर्टेम लिहितात, ‘दोष कोणाचा हे न लिहिता’. कल्पना उत्तम आहे. पण एका जुन्या नोकरीत मी असं एक पोस्टमॉर्टेम पाहिलं, ज्यात सगळी वाक्यं कर्त्याशिवाय होती: कॉन्फिगरेशन बदललं गेलं, अलर्ट दुर्लक्षित झाला. तीन महिन्यांनी तेच पुन्हा ‘घडलं’. माणसाला शिक्षा नको हे ठीक, पण निर्णय कोणी, काय माहिती हातात असताना घेतला आणि आता काय बदललं, हे तीन रकाने रिकामे ठेवून चालत नाही. फ्रॉस्टच्या परिषदांमध्ये पहिला रकाना कधीकधी भरलेला असायचा. तिसरा क्वचित.

तुलनेला नेब्रास्काच्याच इतिहासातला एक पराभव घ्या. २ जानेवारी १९८४, ऑरेंज बोल, मायामीविरुद्ध. सगळा हंगाम अजिंक्य राहिलेला टॉम ऑस्बर्नचा संघ शेवटच्या मिनिटात ३१-३० वर आला. एक गुणाची साधी किक मारली तर बरोबरी, आणि बरोबरीतही राष्ट्रीय विजेतेपद बहुधा मिळालंच असतं. ऑस्बर्नने दोन गुणांसाठी खेळायचं ठरवलं. पास अडवला गेला, विजेतेपद गेलं. पण त्यात कोणी कोणाला विचारायचंच राहिलं नाही, कारण निर्णय कोणाचा आणि कशासाठी हे आधीच स्पष्ट होतं: जिंकायला आलोय, बरोबरीला नाही. ऑस्बर्नला लोकांनी पुढे काँग्रेसमध्ये निवडून पाठवलं. अर्थात त्याआधी तीन विजेतेपदंही मिळवून दिली होती त्याने, हेही विसरू नये. नुसत्या बाणेदारपणावर मतं मिळत नाहीत.

फ्रॉस्टचा शेवट पैशांच्या भाषेत झाला. करारानुसार १ ऑक्टोबर २०२२ नंतर काढलं असतं तर त्याला ७५ लाख डॉलर द्यावे लागले असते, आधी काढलं तर दीड कोटी. १० सप्टेंबरला घरच्या मैदानावर जॉर्जिया सदर्नने ४५-४२ ने हरवलं. ११ सप्टेंबरला फ्रॉस्टला काढलं. वीस दिवस थांबले असते तर ७५ लाख वाचले असते. थांबले नाहीत. त्या सोमवारी आमच्या कॉलवर कॅमेरा चालू होता.

फ्रॉस्ट आता परत यूसीएफला आहे. जुलै २०२५ मध्ये त्याला कोणीतरी विचारलं, नेब्रास्कातून काय शिकलात? उत्तर आलं, चुकीची नोकरी घेऊ नका. मी ती क्लिप सहकाऱ्याला पाठवली. त्याला मराठी येत नाही, पण ‘कप फुटला’ हे मी त्याला कधीच शिकवून ठेवलं होतं. त्याने तेवढंच लिहून पाठवलं, रोमन लिपीत, चुकीच्या स्पेलिंगसकट.