राष्ट्रनिष्ठा आणि प्रादेशिक अस्मिता : फलटणच्या भूमिकेची एक चिकित्सा

प्रास्ताविक

नव्याने स्वतंत्र झालेल्या संघराज्यात राष्ट्रनिष्ठा आणि प्रादेशिक अस्मिता यांचा संघर्ष अटळ असतो, असे गृहीत धरून संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाचे विवेचन अनेकदा केले जाते. अमेरिकेच्या आरंभीच्या प्रजासत्ताकाचा दाखलाही त्यासाठी दिला जातो. मात्र हे गृहीतक सातारा-सांगली परिसराच्या इतिहासावर घासून पाहिले असता ते अपुरे ठरते. यशवंतराव चव्हाण यांनी १९५५ साली फलटण येथे घेतलेली भूमिका या दृष्टीने चिकित्सेस पात्र आहे. संयुक्त महाराष्ट्र आणि पंडित नेहरू यांत निवड करण्याची वेळ आल्यास आपण नेहरूंच्या बाजूने उभे राहू, असा तिचा आशय होता.

भूमिकेचे स्वरूप आणि मर्यादा

या भूमिकेमागे फाळणीचा ताजा अनुभव होता. दार आयोगाने १९४८ मध्ये आणि जवाहरलाल-वल्लभभाई-पट्टाभी समितीने १९४९ मध्ये भाषिक राज्यांबाबत जी साशंकता व्यक्त केली, तिचे मूळ याच भयात होते. त्यामुळे फलटणची भूमिका केवळ सत्तालोभातून आली, हा आरोप एकांगी ठरतो.

तथापि तिच्यात एक तात्त्विक दोष आहे. तिने राष्ट्र आणि राष्ट्राचा नेता यांना एकरूप मानले व प्रदेशाची मागणी ही राष्ट्राच्या विरोधातील मागणी ठरवली. वस्तुतः काँग्रेसने १९२० च्या नागपूर अधिवेशनात स्वतःची प्रांतरचना भाषेच्या आधारे केली होती. म्हणजे भाषिक प्रांत ही कल्पना राष्ट्रीय चळवळीच्याच पोटी जन्मली होती.

साताऱ्याचा प्रतिवाद

या दोषाचे सर्वांत ठळक उत्तर सातारा जिल्ह्यानेच दिले. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील यांनी १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश सत्तेला आव्हान देत प्रतिसरकार उभे केले. त्यांच्या राष्ट्रनिष्ठेविषयी शंका घेणे कोणालाही शक्य नव्हते. तेच नाना पाटील १९५७ च्या निवडणुकीत उत्तर साताऱ्यातून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने लोकसभेवर निवडून गेले. त्याच निवडणुकीत द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडमधून अल्प मताधिक्याने विजयी झाले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावर शिवपुतळ्याच्या अनावरणासाठी नेहरू आले, तेव्हा समितीने प्रचंड निदर्शने केली. येथे एका बाजूस राष्ट्र आणि दुसऱ्या बाजूस प्रदेश असा सामना नव्हता. राष्ट्राच्या दोन कल्पना समोरासमोर उभ्या होत्या.

अमेरिकन तुलनेची उपयुक्तता व मर्यादा

अमेरिकेत १८२० ची मिसूरी तडजोड आणि १८२८ चा जकात कायदा यांवरून उत्तर व दक्षिण यांच्यातील तणाव वाढत गेला. १८३२ मध्ये दक्षिण कॅरोलिनाने संघाचा जकात कायदा आपल्या हद्दीत निरर्थक ठरवला. या भूमिकेचे तत्त्वज्ञ जॉन कॅल्हून हे १८१२ च्या युद्धकाळात कट्टर राष्ट्रवादी म्हणून ओळखले जात. हेन्री क्ले यांच्या पुढाकाराने १८३३ मध्ये जकातीबाबत तडजोड झाली. द्वैभाषिक अयशस्वी ठरल्याचे दिल्लीस पटवून देण्यात यशवंतरावांनी पुढे जी भूमिका बजावली, तिची तुलना क्ले यांच्या मध्यस्थीशी करता येईल.

परंतु ही तुलना दोन ठिकाणी थांबते. एक, अमेरिकेतील राज्याची सीमा त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून बदलता येत नाही. भारतात अनुच्छेद ३ नुसार तो अधिकार संसदेचा आहे. त्यामुळे समितीजवळ कायदा नाकारण्याचे शस्त्र नव्हते. मतपेटी आणि सत्याग्रह हीच तिची साधने होती. दोन, दक्षिणेच्या राज्यहक्काच्या भाषेमागे गुलामगिरीचे संरक्षण होते. समितीची मागणी लोकभाषेत राज्यकारभाराची होती. प्रादेशिक मागणीचे मूल्य ती कोणाचे हित राखते यावरून ठरते, हा धडा या भेदातून मिळतो.

जतचा प्रश्न

हाच निकष १ मे १९६० नंतरच्या महाराष्ट्रालाही लावला पाहिजे. दक्षिण सातारा जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्याच्या पूर्वेस असलेला जत तालुका अवर्षणप्रवण असून तेथे कन्नड भाषकांची वस्तीही लक्षणीय आहे. २०१२ मध्ये तेथील काही ग्रामपंचायतींनी पाण्याच्या मागणीसाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांच्या वक्तव्याने तो विषय पुन्हा ऐरणीवर आला. या ठरावांना राज्यद्रोह समजणे म्हणजे फलटणचाच दोष वेगळ्या पातळीवर गिरवणे होय.

दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक धरला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांत सांगलीचा समावेश उर्वरित महाराष्ट्रात झाला. परिणामी कृष्णाकाठच्या उसाच्या समृद्धीत जतची तहान सरासरीने झाकली गेली. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी जतच्या ज्या भागात पोहोचले, तेथे सीमाप्रश्नापेक्षा शेतीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. पाणी न पोहोचलेल्या गावांत मात्र सीमेचीच भाषा बोलली जाते.

निष्कर्ष

फलटणच्या भूमिकेचे ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही तिचे गृहीतक स्वीकारता येत नाही. राष्ट्रनिष्ठा आणि प्रादेशिक अस्मिता यांत मूलतः विरोध नसून, न्याय्य वाटा नाकारला गेला म्हणजे विरोध निर्माण होतो. साताऱ्याने १९५७ मध्ये हे दिल्लीस सांगितले. जतचे ठराव तेच मुंबईस सांगत आहेत. भाषेच्या आधारे मिळालेले राज्य पाण्याच्या न्याय्य वाटपाने टिकवावे लागते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासाचे अध्यापन करताना हा दुवा दुर्लक्षित राहू नये.