चित्राखालचे नाव

मनाच्या दुखण्यावर चित्र, संगीत, नाट्य, नृत्य यांच्या साह्याने उपचार करण्याची पद्धत इस्राएलमध्ये आता नवी राहिलेली नाही. हैफा विद्यापीठात तिचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, शाळांतून आणि इस्पितळांतून ते शिकलेली माणसे काम करतात. आपल्या घरांत मात्र ती अजून परकी वाटते. शाळेतून चिठ्ठी येते की मुलाला आठवड्यातून एकदा 'तेरापिया बे-ओमानूत'साठी बसवीत आहोत, आणि घरात चर्चा सुरू होते. आजी विचारते, पोराला वेड लागले आहे का? बाप विचारतो, चित्रे काढून याचे गणित सुधारणार काय? आईची शंका निराळी असते. पोराने घर काळ्या रंगाने रंगविले, त्याचा अर्थ त्या बाईंनी काय लावला असेल? आपल्या घराविषयी भलतेसलते लिहून तर ठेवले नसेल ना?

या प्रश्नांची चेष्टा करावी असे आम्हांला वाटत नाही. आईची शंका तर विषयाच्या मुळाला हात घालणारी आहे. दुखावलेल्या माणसाने काढलेले चित्र कोणाचे? काढणाऱ्याचे, उपचार करणाऱ्याचे, की पाहणाऱ्याचे? याचा विचार करावयाचा तर ज्या बाईंच्या शिकवणीतून चित्रोपचाराचा एक मोठा प्रवाह निघाला, त्यांच्या वर्गातल्या चित्रांकडे गेले पाहिजे.

फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांचा जन्म १८९८ साली व्हिएन्नातील एका ज्यू कुटुंबात झाला. चित्रकार योहानेस इटेन यांच्याकडे त्या शिकल्या आणि १९१९ मध्ये त्यांच्यामागोमाग जर्मनीत वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत गेल्या. वस्त्रे, फर्निचर, नाटकांचे नेपथ्य, चित्रे, सगळ्यांत त्यांचा हात चालत असे. १९३४ साली व्हिएन्नात राजकीय कारणाने अटक झाली. सुटल्यावर त्या प्रागला आल्या आणि हिटलरच्या राज्यातून पळून आलेल्यांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. पॅलेस्टाइनला, म्हणजे आज आपण राहतो त्या भूमीत, येण्याचा परवाना त्यांना मिळाला होता. नवऱ्याला मिळाला नाही, म्हणून त्यांनी तो वापरला नाही. डिसेंबर १९४२ मध्ये दोघांची रवानगी तेरेझिनच्या छावणीत झाली. माणशी ५० किलो सामानाची मुभा होती. फ्रीडलबाईंच्या सामानात बराचसा भाग कागद आणि रंगांचा होता.

तेरेझिनमध्ये मुलांना आईबापांपासून वेगळे काढून मोठमोठ्या इमारतींत ठेवीत. उघडपणे शाळा भरविण्यास बंदी होती, चित्रकलेला तेवढी आडकाठी नव्हती. फ्रीडलबाईंनी तेथे वर्ग सुरू केले. जवळचा कागद संपल्यावर मिळेल तो चालू लागला: छापील फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजू, पुडक्यांवरचे वेष्टण, रद्दीचे तुकडे. जुलै १९४३ मध्ये त्यांनी मुलांच्या चित्रांचे एक प्रदर्शन भरविले. त्याच वर्षी छावणीतल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रकलेवर त्यांनी व्याख्यानही दिले. प्रत्येक मुलाला चित्रकार बनविणे हा आपला हेतू नाही, मुलाची निरीक्षणशक्ती, कल्पना आणि स्वतःचे मत जागे करणे हा आहे, असे त्यांनी त्यात मांडले. आणि मुलांना आपल्यासारखे करण्याची मोठ्यांना एवढी घाई का असते, असेही विचारले.

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस नवऱ्याला ऑश्विट्झला नेण्यात आले. बाईंनी मागोमागच्या गाडीत आपण होऊन नाव दिले. ६ ऑक्टोबरला ती गाडी निघाली आणि ९ ऑक्टोबर १९४४ रोजी बिर्केनाऊत त्यांना मारण्यात आले. नवरा वाचला. मुलांची सुमारे ४,५०० चित्रे दोन सूटकेसींत भरून ठेवलेली होती. युद्ध संपल्यावर विली ग्रोआग या छावणीतल्या शिक्षकाने ती प्रागच्या ज्यू समाजाच्या स्वाधीन केली. आज ती तेथील ज्यू संग्रहालयाकडे आहेत. त्यांपैकी काही पिंकस सिनेगॉगमध्ये मांडलेली असतात. त्याच सिनेगॉगच्या भिंतींवर मारल्या गेलेल्या सुमारे ८०,००० ज्यूंची नावे लिहिलेली आहेत.

एवढी हकीकत कळल्यावर माणूस चित्रांपुढे उभा राहतो तो डोळे भरूनच. फूल दिसले की म्हणतो, पाहा, मरणाच्या दारातही कोवळे मन! फुलपाखरू दिसले की, ही स्वातंत्र्याची तळमळ! काळा ठिपका दिसला की, हे भवितव्याचे सावट! हा भाव खोटा नाही, पण असे पाहताना चित्र पाहिलेच जात नाही असे आमचे म्हणणे आहे. आपण त्या मुलांचा शेवट जाणतो. तो आपल्या डोळ्यांत असतो, कागदावर नसतो.

कागदावर काय आहे? पुष्कळ चित्रे सरळसरळ धडे आहेत. ताल धरून ओढलेल्या रेघा आहेत, समोर मांडलेल्या वस्तूंचे अभ्यास आहेत, मोठ्या चित्रकारांच्या चित्रांची रचना समजून घेण्यासाठी केलेल्या नकला आहेत. फाडलेल्या रंगीत कागदांची चिकटचित्रे आहेत. हे सारे बाउहाउसच्या परंपरेतून आलेले शिक्षण आहे. ज्या हुशारीने प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावयाचे, तीच हुशारी बाईंनी दहा-बारा वर्षांच्या उपाशी मुलांवर खर्च केली. कार्यालयाचा छापील कागद फाडून त्याचे आभाळ करावयाचे की टेबल, हे मूल ठरविणार. ज्या छावणीत कोठे निजावे, काय खावे, कोणत्या गाडीने जावे यांपैकी काहीच त्याच्या हाती नव्हते, तेथे तासभर तरी काही गोष्टी त्याच्या हाती आल्या. आमच्या मते उपचार म्हणावयाचा तो हाच. कोणते दुःख कोणत्या रंगात उतरले याचा हिशेब नंतरचा, आणि तो बहुधा आपल्या पदरचा.

छावणीची चित्रे त्यांत मुळीच नाहीत असे नव्हे. तीनमजली फळ्यांची बिछायती आहे, पहारेकरी आहेत. तथापि घरे, बागा, जेवणाची टेबले, परीकथा यांची संख्या मोठी आहे. याच्या उलट उदाहरण हेल्गा वाइसोवा या मुलीचे. तिला तिच्या वडिलांनी सांगितले होते की दिसेल ते काढ. तिने रांगा, गर्दी, आजारी माणसे काढली, आणि ती वाचल्यामुळे ती चित्रे आज साक्ष देतात. साक्ष देणे हे एक काम, मन सावरणे हे दुसरे. एकाच कागदावर दोन्ही घडू शकतात. पण पहिल्याच्या मापाने दुसरे मोजले, तर फुलदाणी काढणाऱ्या मुलावर अन्याय होतो.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट लहानशी आहे. बाई मुलांना चित्रावर आपले नाव घालावयास सांगत. छावणीच्या दप्तरात माणसाला नंबर होता, वर्गात नाव होते. बहुतेक मुले पुढे मारली गेली, पण ती नावे कागदावर राहिली.

एका चित्राची गोष्ट इस्राएलमध्ये सर्वांना ठाऊक आहे. पेत्र गिंझ या मुलाने तेरेझिनमध्ये चंद्रावरच्या डोंगरांतून पृथ्वी कशी दिसेल याचे चित्र काढले. १९४४ साली ऑश्विट्झमध्ये तो मारला गेला, तेव्हा १६ वर्षांचा होता. २००३ मध्ये इलान रामोन यांनी त्या चित्राची प्रत कोलंबिया यानातून अंतराळात नेली. यान १ फेब्रुवारीला कोसळले. तो पेत्रचा जन्मदिवस होता. त्याच यानात भारतात जन्मलेल्या कल्पना चावलाही होत्या, म्हणून आपल्या लोकांना तो घाव दोन्ही अंगांनी लागला. त्या चित्राला आता इतक्या जणांचे शोक चिकटले आहेत की मुळात ते शास्त्राची आवड असलेल्या एका हुशार मुलाचे, पृथ्वीचे गणित डोक्यात मांडून काढलेले चित्र आहे, याचा विसर पडतो. शोक करावा. पण मुलाच्या बुद्धीला तिचे श्रेय द्यावे.

फ्रीडलबाईंचे काम पुढे नेले त्यांची शिष्या एडिथ क्रेमर हिने. व्हिएन्नात लहानपणापासून ती त्यांच्याकडे शिकली, प्रागमध्ये निर्वासित मुलांच्या वर्गात तिने मदत केली, आणि १९३८ साली ती न्यूयॉर्कला गेली. तेथे विल्टविक शाळेत, बिथरलेल्या, मारामाऱ्या करणाऱ्या मुलग्यांबरोबर तिने अनेक वर्षे काम केले. १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिले. चित्र घडविण्याची क्रियाच माणसाला सावरते, असे तिचे मत. उपचार करणाऱ्याला तिने 'तिसऱ्या हाताची' उपमा दिली: मुलाचे दोन हात काम करीत असता जो मदतीपुरता पुढे येतो आणि आपली शैली त्यावर लादीत नाही, तो हात. अमेरिकेतच मार्गारेट नाउमबर्ग यांची दुसरी विचारसरणी होती. त्यांच्या मते चित्र ही मनाच्या तळाची भाषा, आणि खरे काम ते चित्र पुढे ठेवून होणाऱ्या बोलण्यात. पण नाउमबर्ग यांनीही अर्थ सांगण्याचा पहिला मान रोग्यालाच दिला होता, हे त्यांचे नाव घेणारे पुष्कळदा विसरतात. अमुक रंग म्हणजे अमुक रोग, असे कोष्टक या दोघींपैकी कोणाकडेच नव्हते. तेव्हा काळ्या घराने धास्तावलेल्या आईने इतके निश्चित समजावे की जाणता उपचारक एका चित्रावरून निवाडा देत नाही. तो मुलाला विचारतो, आणि पोरगा म्हणतो, निळा खडू संपला होता.

आता दुसरी बाजू. या उपचारांची स्तुती करणारे कधीकधी त्यांच्या अंगी नसलेले गुण चिकटवितात. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या ४१७ माणसांवर मोठी चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गटाने चित्रोपचार दिल्याने रोग्यांच्या स्थितीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. पुष्कळजण वर्गाला आलेच नाहीत, हेही त्यातले सत्य. संगीताची बाजू थोडी बळकट आहे. नैराश्यात नेहमीच्या उपचारांबरोबर संगीतोपचार दिला तर काही काळ तरी अधिक आराम पडतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसले आहे. म्हणून आमचे सांगणे असे की औषधाची गोळी बंद करून हाती कुंचला देऊ नये, आणि गोळी चालू आहे म्हणून कुंचला काढूनही घेऊ नये. फ्रीडलबाईंच्या चित्रांनी एकाही मुलाला गाडीतून उतरविले नाही. त्यांनी जे दिले ते गाडी येईपर्यंतच्या दिवसांना दिले. तेही थोडे नव्हते.

याचा आपल्या समाजाशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला मुलांचा. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर हजारो कुटुंबांना घरे सोडून हॉटेलांत राहावे लागले. मुलांसाठी रंग आणि कागद घेऊन पुष्कळ लोक धावून गेले, हे चांगलेच झाले. अशा वेळी मुलाने काढलेले चित्र भिंतीवर लावण्याआधी, पाहुण्यांना दाखविण्याआधी, फोनवरून नातलगांना धाडण्याआधी त्याला विचारावे. त्याने नको म्हटले तर ते घडी घालून त्याच्या दप्तरात ठेवावे.

दुसरा संबंध वृद्धांचा, आणि त्याची तातडी आम्हांला अधिक वाटते. अलिया करून आलेली पिढी आता थकली आहे. लोद, रामले, बेरशेबा, दिमोना येथील किती घरांत स्मृती गेलेली माणसे आहेत! या दुखण्यात अलीकडचे आधी पुसले जाते. पुष्कळदा पस्तीस-चाळीस वर्षे बोललेली हिब्रू निघून जाते आणि कोकणातल्या अंगणातली मराठी उरते. वृद्धाश्रमात संगीतोपचाराची बैठक होते. पेटी वाजते, जुनी हिब्रू गाणी म्हटली जातात, पोलंडहून आणि मोरोक्कोहून आलेल्या बायका टाळ्या वाजवितात, आणि आपली आजी गप्प बसते. नोंद होते, 'प्रतिसाद नाही'. प्रतिसाद कोठून येणार? ते गाणे तिचे नव्हेच. स्मृती गेलेल्या वृद्धांना संगीताच्या निदान पाच बैठका मिळाल्या तर त्यांची उदासी काहीशी कमी होते, असे अभ्यास सांगतात. पण आजीचे गाणे कोणते, हे कोणत्याही अभ्यासात लिहिलेले नाही.

ते आपण सांगितले पाहिजे. मेंदीच्या रात्रीची गाणी, मलिद्याच्या वेळचे एलियाहू हन्नाबीचे गाणे, जात्यावरच्या ओव्या आपल्याकडे होत्या. १८८० नंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी हरदासी कीर्तनाचा साचा घेऊन त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने बसविली, त्यांतली पदे होती. शिवाय रेडिओवरची मराठी भावगीते आणि सिनेमाची गाणी होतीच. यांना आम्ही उपचार म्हणत नाही. उपचार करणे हे शिकलेल्या माणसाचे काम. पण त्याच्या हाती द्यावयाचे साहित्य आपल्या घरात आहे. प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. आई, बाबा, आजी यांना कोणते गाणे येते, कोणी शिकविले, कोणत्या प्रसंगी म्हणत, हे हिब्रू अक्षरांत का होईना उतरून ठेवावे, जमल्यास आवाजही धरून ठेवावा. माणूस वृद्धाश्रमात गेला की औषधांच्या यादीबरोबर ही यादीही द्यावी आणि तिच्यावर त्याचे पूर्ण नाव घालावे, कोकणातल्या गावावरून पडलेल्या आडनावासकट.