चारचौघांतलें वाचन

2025 सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या ग्रंथमेळ्यांत फिलिपाईन्स देशास सन्मान्य पाहुण्याचा मान मिळाला, आणि त्या निमित्तानें तेथील ग्रंथकारांविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें. ग्रंथकारांचा गौरव चालला असतां वाचकाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, ही रीत जुनीच आहे. परंतु फिलिपिनो वाङ्मयाचें मर्म ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें आधीं तेथील वाचक पाहावा, असें आम्हांस वाटतें. अडचण एवढीच कीं, तो वाचक सहसा एकटा सांपडत नाहीं.

टागालोग भाषेंत वाचण्याला 'बासा' म्हणतात. हा शब्द मलय भाषेंतील 'बाचा'वरून आला आणि त्याचें मूळ संस्कृतांतील 'वच्' धातूपर्यंत पोंचतें, असें भाषापंडित मानतात. म्हणजे आपलें 'वाचणें' आणि मनिलाकरांचें 'बासा' हीं एकाच घरचीं भावंडें ठरलीं. दोहोंच्याही पोटांत बोलणें आहे. मुकाट्यानें डोळ्यांनीं अक्षरें टिपणें हा अर्थ मागाहून आलेला. आपण तो मूळ अर्थ बहुतांशीं विसरलों. फिलिपिनो वाचक अद्यापि विसरलेला नाहीं.

ह्याच 'बासा'पासून 'पाबासा' हें नांव झालें. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांत एखाद्या घरीं किंवा प्रार्थनामंदिरांत शेजारीपाजारी जमतात आणि येशूच्या यातनांचें पद्यमय आख्यान पाळीपाळीनें गातात. आख्यान मोठें असल्यामुळें तें पुष्कळदां रात्रंदिवस चालतें. यजमान आल्यागेल्यास खाऊं घालतो. एक थकला कीं दुसरा ओळ उचलतो. आपल्याकडील पोथीचें पारायण ज्यानें पाहिलें आहे, त्यास हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

ह्या आख्यानास 'पास्योन' म्हणतात. गास्पार आकिनो दे बेलेन ह्याची पास्योन 1704 सालीं प्रसिद्ध झाली; पण लोकांच्या तोंडीं बसली ती 1814 ची. तिचें कडवें पांच ओळींचें आणि ओळ आठ अक्षरांची. खोलीचें दार लावून वाचूं लागलें तर ती पाल्हाळिक वाटते. तेंच तें पुनःपुन्हां येतें, प्रसंगांच्या मध्यें उपदेशाचे लांबच लांब उतारे येतात, आणि रसिक वाचकास पानें उलटण्याचा मोह होतो. आनिसेतो दे ला मेर्सेद नांवाच्या विद्वान् धर्मोपदेशकास ही रचना इतकी सदोष वाटली कीं, त्यानें तिचे दोष काढून स्वतः शुद्ध पास्योन रचिली. लोकांनीं ती आदरानें बाजूस ठेविली आणि जुनीच गाइली. आमच्या मतें येथें लोकांचा कौल बरोबर होता. आठ अक्षरांची ओळ श्वास संपण्याच्या आधीं संपते. पुनरुक्तीमुळें पहांटे डुलकी लागलेल्या श्रोत्यास हरवलेला धागा पुन्हां सांपडतो. जी कृति गळ्यासाठीं घडली, तिला डोळ्यांच्या तराजूंत तोलणें हा टीकाकाराचा दोष होय. ह्या गाण्याचें सामर्थ्य केवढें, हें इतिहासकार रेनाल्दो इलेतो ह्यांनीं 1979 च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. खेड्यांतील अशिक्षित माणसांस स्पॅनिश सत्तेविरुद्धचा उठाव समजला तो पास्योनच्याच भाषेंत, असें त्यांचें प्रतिपादन आहे. राज्यकर्त्यांच्या धर्मानें दिलेली पोथी राज्यकर्त्यांवरच उलटावी, ही घटना एकट्यादुकट्या वाचकाच्या हातून झाली नसती.

फ्रान्सिस्को बालागतासच्या 'फ्लोरान्ते आत लाउरा' ह्या 1838 च्या काव्याचेंही असेंच. कथानक दूरच्या आल्बानियांतील राजदरबाराचें. पण त्यांतील जुलूम आपल्याच देशाचा, अशी वाचकांची आपसांत समजूत पडली. त्यांतील 399 कडवीं बारा अक्षरांच्या चार-चार ओळींचीं, आणि प्रत्येकांत यमक एकच. पाठ होण्यास असा बांधा फार सोयीचा. अमेरिकनांनीं ग्वाम बेटावर हद्दपार केलेल्या आपोलिनारियो माबिनीनें हें सबंध काव्य तेथें स्मरणानें लिहून काढलें.

होसे रिसालची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी 1887 सालीं बर्लिन येथें छापली गेली. प्रती 2000, आणि भाषा स्पॅनिश. ती भाषा जाणणारे देशांत थोडे. त्यांत पुस्तकावर बंदी. तरीही प्रती चोरून आल्या, आणि अक्षरानें पोंचली नाहीं तेथें ती कथा बोलण्यांतून पोंचली. पुढें 1956 सालीं कायदा होऊन रिसालचें चरित्र व लेखन शाळा-महाविद्यालयांतून शिकविणें सक्तीचें झालें. कॅथॉलिक धर्मपीठानें ह्यास कसून विरोध केला होता. हेतु उदात्त होता हें मान्य. पण जें पुस्तक लोकांनीं जीव धोक्यांत घालून एकमेकांस दिलें, तें आतां मुलें परीक्षेपुरतें वाचतात. रिसाल किती मिस्किल लेखक आहे, हें टिपणें पाठ करणाऱ्यास कळावें कसें?

ह्या सोबतीचें कौतुक करतांना तिच्यांतील दारिद्र्याचा वाटाही लपवूं नये. चित्रकथांचीं पुस्तकें, ज्यांना तेथें 'कोमिक्स' म्हणतात, कोपऱ्यावरच्या दुकानांत थोड्या पैशांत भाड्यानें मिळत. बांकावर बसून वाचावीं आणि परत द्यावीं. एक प्रत चिंध्या होईतों हातोहात फिरे. विकत घेण्याची ऐपत असती तर कित्येकांनीं तीं घरीं नेलीं असतीं. म्हणूनच खपलेल्या प्रतींवरून वाचकांची गणती करणारा मनुष्य येथें हमखास फसतो. 2009 सालीं परदेशी पुस्तकांवर जकात बसविण्याचा घाट तेथील जकात खात्यानें घातला, तेव्हां त्याचीही अशीच फसगत झाली असावी. फ्लॉरेन्स करारान्वयें हीं पुस्तकें बिनजकात येत असत. वाचक, लेखक व विक्रेते ह्यांनीं एवढा गलबला केला कीं, त्याच वर्षीं मे महिन्यांत राष्ट्राध्यक्षा आरोयो ह्यांना ती जकात उठवावी लागली. मकाती शहरांत बालागतासच्याच नांवाच्या रस्त्यावर एका गृहस्थानें 2000 सालीं घरांतलीं शंभराच्या आंतबाहेर पुस्तकें दाराशीं मांडून ठेविलीं. नोंदवही नाहीं, वर्गणी नाहीं, परत करण्याची अटही नाहीं. पुस्तकें आटण्याऐवजीं वाढतच गेलीं.

2011 सालीं मनिला येथें वाचकमंडळांचें संमेलन भरलें. अशा मंडळांविषयीं आमचा एक आक्षेप आहे. त्यांच्या बैठकींत इंग्रजी कादंबऱ्यांचा भरणा फार. गप्पा मात्र घरच्या भाषेंत. पास्योन टागालोगखेरीज इलोकानो, बिकोल आदि भाषांतूनही गाइली जाते. ह्या भाषांतील नव्या पुस्तकांस त्या बैठकींत जागा केव्हां मिळणार?

ती जागा अन्यत्र मिळूं लागली आहे, पण विद्वानांस ती रुचत नाहीं. वॉटपॅडवर तरुण मुली टागालोगमध्यें इंग्रजीची सरमिसळ करून प्रेमकथा लिहितात, आणि शेंकडों वाचक ओळीओळीशेजारीं आपले हुंकार, हंसणें, रुसवे नोंदवितात. अशा कथांवरून 2014 सालीं चित्रपटही निघाले. श्रीमंत उर्मट नायक आणि भोळी नायिका ह्या जोडीचा आम्हांस कंटाळा येतो, हें सांगून टाकावें. परंतु भाषा अशुद्ध, म्हणून वाङ्मय टाकाऊ, हा निवाडा मेर्सेदच्या वेळचाच आहे. मनिलाच्या एखाद्या अभ्यासकानें ह्या कथा सोडून त्यांच्या कडेच्या नोंदीच तेवढ्या तपासाव्या. कोणत्या ओळीपाशीं वाचक थबकतात आणि कोणती न बोलतां ओलांडतात, हें तेथें लिहून ठेविलेलेंच आहे.