युद्धोत्तर ऐतिहासिक रहस्यकादंबरीतील स्त्री-शोधक

महायुद्धानंतरच्या काळात घडणाऱ्या व गुन्ह्याचा उलगडा स्त्रीकडे सोपविणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एक उपप्रकार. इंग्रजीत तो प्रामुख्याने १९८० नंतर विकसित झाला. ऑस्ट्रेलियन लेखिका केरी ग्रीनवुड (१९५४–२०२५) हिची, १९२८ मधील मेलबर्न रंगविणारी कोकेन ब्लूज (१९८९) ही त्यातील आरंभीच्या कृतींपैकी एक होय.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील तरुण पुरुषांची एक पिढीच खर्ची पडली. १९२१ च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समध्ये स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा सुमारे १७ लाखांनी अधिक भरली आणि अविवाहित, स्वावलंबी स्त्री हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. डॉरोथी सेयर्स (१८९३–१९५७) हिने अननॅचरल डेथ (१९२७) मध्ये मिस क्लिम्पसन ही अशी प्रौढ स्त्री चौकशीच्या कामी योजली; तथापि ती लॉर्ड पीटर विम्झी या नायकाची साहाय्यकच राहिली. उत्तरकालीन लेखकांनी तिच्यासारख्या स्त्रीला कथेच्या मध्यभागी आणले.

जॅक्वेलिन विन्स्पिअर (१९५५–   ) हिच्या मेझी डॉब्ज (२००३) या कादंबरीची नायिका मोलकरीण म्हणून राबलेली, पुढे केंब्रिजला शिकलेली व फ्रान्समध्ये युद्धपरिचारिका झालेली आहे. १९२९ मध्ये ती लंडनला स्वतःची कचेरी थाटते. विद्रूप चेहऱ्याच्या माजी सैनिकांच्या आश्रयस्थानातील मृत्यूंचा माग घेताना तिला परिचर्येतील अनुभव उपयोगी पडतो; युद्ध येथे केवळ पार्श्वभूमी न राहता गुन्ह्याचे कारण ठरते. मात्र नायिकेचा उत्कर्ष उदार मालकिणीच्या कृपेवर अवलंबून ठेवल्याने वर्गभेदाचा प्रश्न सोडविला जाण्याऐवजी टाळला जातो.

सुजाता मॅसी (१९६४–   ) हिच्या द विडोज ऑफ मलबार हिल (२०१८) मध्ये १९२१ ची मुंबई आहे. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या कायदाविषयक पेढीत काम करते. स्त्री असल्यामुळे तिला न्यायालयात उभे राहता येत नाही. परंतु गिरणीमालकाच्या तीन पडदानशीन विधवांपर्यंत तिलाच पोहोचता येते, कारण पुरुष वकिलाला अंतःपुरात प्रवेश नाही. नाशिक येथे जन्मलेल्या व पडदानशीन स्त्रियांसाठी कायद्याचे काम केलेल्या कॉर्नेलिया सोराबजी (१८६६–१९५४) यांच्या चरित्राचा या व्यक्तिरेखेस आधार आहे. भारतात स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा १९२३ मध्ये झाला, हे लक्षात घेता कथेतील अडसर कल्पित नाही.

वसीम खान (१९७३–   ) यांच्या मिडनाइट ॲट मलबार हाउस (२०२०) मध्ये १९४९ च्या अखेरच्या रात्री मुंबईत एका इंग्रज मुत्सद्द्याचा खून होतो. पर्सिस वाडिया ही कल्पित पोलीस निरीक्षक त्याचा तपास करते व धागेदोरे फाळणीतील अत्याचारांपर्यंत जातात.

आजच्या विचारांची स्त्री जुन्या वेशात वावरते, हा या प्रकारावरील मुख्य आक्षेप होय. नायिका काळाची बंधने सहज झुगारते, तेथे तो खरा ठरतो व इतिहास नेपथ्यापुरता उरतो. याउलट परवीनच्या बाबतीत बंधन हेच शोधाचे साधन बनते. तिला नाकारलेला आणि केवळ तिलाच मिळालेला असा दुहेरी प्रवेश रहस्याची रचना घडवितो. या प्रकाराचे वाङ्‌मयीन मूल्य नायिकेच्या धाडसापेक्षा अशा रचनेवर अधिक अवलंबून आहे.